रहीमचाचा खोली शोधतात

केजच्या बसस्टँडसमोर फळांचा गाडा लावणारे रहीमचाचा गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतच नसत. आधी त्याच्या पिशवीकडे बघायचे आणि माणूस कुठून आला, कुठं चालला, घरी खाणारी तोंडं किती, हे सांगून मोकळे व्हायचे. बऱ्याचदा चुकायचे, पण त्या माणसाचंच काहीतरी चुकलं असणार, अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहायचे.

कॉलेजची पायरी न चढलेले हे चाचा आमच्या गल्लीत पुण्यातल्या खोल्यांचे जाणकार समजले जात. एकदा भाच्याला त्यांनी तिथं एका दिवसात खोली बघून दिली, तेव्हापासून बारावीचा निकाल लागला की आईबाप त्यांच्या गाड्यापाशी घुटमळू लागत. माझी पाळी आली तेव्हा पप्पांचा पाय प्लास्टरमध्ये होता. "रहीमभाईसंगं जा," ते म्हणाले. "शिकणाऱ्या पोरींच्या वस्तीत जागा मिळाली तर ऱ्हा. न्हाई मिळाली तर साडेपाचच्या गाडीनं माघारी यायचं. इथंच कुठंतरी नाव घालू." पप्पांचा शब्द मागे फिरत नसे. मला हवा तो विषय पुण्यालाच मिळाला होता, त्यामुळे एसटीत मी सारखी घड्याळ बघत होते आणि शेजारी चाचा कंडक्टरला पपई कशी ओळखावी ते शिकवत होते.

पुण्यात उतरल्यावर मी मोबाइल काढला. त्यात खोल्यांची यादी होती. "ठिव तो," चाचा म्हणाले. "त्यात खोलीचा फोटू असतो, वस्तीचा न्हाई. घरगुती वस्तीत केळी डझनानं जात्यात. पोरं एक केळं घेत्यात, सोलत्यात आन् उभ्या उभ्या खात्यात. सुटं केळं जिथं खपतं, तिथं शिकणारी पोरं. समदं पुणं हिंडलीस तरी ह्यात फरक पडायचा न्हाई."

तासभर आम्ही गाडे बघत हिंडलो. शेवटी एका रस्त्यावर चार गाडे दिसले. सगळीकडे सुटी केळी धडाधड खपत होती. समोरच्या मोठ्या इमारतीत तरुण मुली लगबगीने ये-जा करत होत्या. "हॉस्टेल!" चाचा म्हणाले आणि माझी वळकटी खांद्यावर टाकून तरातरा आत शिरले. उन्हाने त्यांना दरदरून घाम फुटला होता. दारातल्या माणसाने त्यांना बघितलं आणि धावत येऊन चाकाच्या खुर्चीत बसवलं. चाचा ऐटीत मागे टेकले. "बघ, पुण्यात म्हाताऱ्याची कदर लई हाय," असं मला म्हणतात न म्हणतात तोच नर्स आली आणि त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळू लागली.

बाहेर आल्यावर ते स्वतःवरच चिडले. "मोसंबी बघितलीच न्हाई मी! केळ्याशेजारी मोसंबी, शहाळं दिसलं म्हंजे दवाखाना. कॉलेजची पोरं मोसंबीला हात लावत न्हाईत." बीपी मात्र एकदम चांगलं निघालं होतं, हे त्यांनी पुढे दोन गाडेवाल्यांना सांगितलं.

मोसंबी नसलेली गल्ली दुपारी सापडली आणि ती खरोखरच विद्यार्थ्यांची होती. झेरॉक्सची दुकानं, मेसचे फलक, दारोदार 'मुलींसाठी कॉट मिळेल'च्या पाट्या. पहिल्या घरी बाईंनी नावं विचारली. मी आडनावासकट माझं सांगितलं, चाचांनी त्यांचं. त्यावर बाईंना आठवलं की कॉट सकाळीच गेली. "बरं झालं," चाचा जिना उतरताना म्हणाले. "जिना लई अरुंद व्हता." दुसऱ्या घरीही तसंच झालं. "ह्यांच्या नळाला पाणी नसणार," चाचा म्हणाले. चार वाजून गेले होते.

तिसऱ्या घरापाशी ते खालीच थांबले. "तू एकलीच जा. मी हितं सावलीला हाय." तिथं सावली नव्हती.

खोली छान होती. पाच मुली, सहावी कॉट रिकामी, तिच्याजवळ खिडकी. नाव ऐकून या बाईंचा चेहरा बदलला नाही. "सोबत कोण आलंय?" त्यांनी विचारलं. खरं सांगते, 'कोणी नाही' हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याची मला आजही लाज वाटते. मी खिडकीतून खाली बघितलं. चाचा भर उन्हात उभे होते. वळकटीला धूळ लागू नये म्हणून त्यांनी ती अजून खांद्यावरच धरली होती.

"चाचा, वर या!" मी एवढ्या जोराने ओरडले की अख्खी गल्ली वर बघायला लागली.

वर येताच, कोणी विचारण्याआधी त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगून टाकलं. बाईंनी त्यांच्याकडे आणि वळकटीकडे बघितलं. "अहो, ते ओझं ठेवा आधी," म्हणाल्या आणि पाणी आणायला वळल्या. मग त्यांनी फॉर्म पुढे केला. 'पालक' लिहिलेल्या चौकटीत चाचांनी एकेक अक्षर जपून काढलं. तरी नाव चौकटीबाहेर गेलंच.

खाली आल्यावर ते माझ्यावर उखडले. "येडी हायस का? हातची खोली गेली असती म्हंजे? काहून वर बलावलं मला?"

"गेली असती तर तुमच्यासोबत माघारी आले असते," मी म्हणाले.

 चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, वळले आणि भराभरा चालू लागले. चौकात ते स्टँडच्या नेमक्या उलट्या बाजूला वळले. मी लगेच हाक मारली नाही. त्यांचे डोळे पुसून होईस्तोवर त्यांना जाऊ दिलं.