नवी बेरिंगं आणि नववा महिना

आमच्याकडे एक लाल स्पोर्ट्स कार होती, असं मी नातवंडांना सांगते तेव्हा ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात. पण होती. दोन माणसांची, छप्पर मागे दुमडणारी, आणि इतकी बुटकी की वाटेतली कोंबडी उडाली तर थेट मांडीवर. मालवणात सोड्याच्या बाटल्या भरणाऱ्या माणसाने असली गाडी घेऊ नये. आमच्या ह्यांनी घेतली, गोव्यातलं घरदार विकून निघालेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरकडून. ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा तिशीला टेकलेली, आणि गाडीत बसले की डोक्याला रुमाल बांधून नटीसारखी मान तिरकी करणारी. पुढे बैलगाडी आडवी असली तरी मान तिरकीच.

ती मान सरळ झाली तिसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा. आधी दोनदा पोट अर्ध्यावर रिकामं झालं होतं. दोन्ही वेळा आदल्याच तपासणीत सांगितलेलं, अजून काही झालेलं नाही, सगळं ठीक आहे. या खेपेला म्हापशाच्या डॉक्टरणीने आधीच गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला. काही झालेलं नव्हतं, होऊ नये म्हणून. मग बजावलं, "कळा सुरू झाल्या की सरळ इथे यायचं. टाका वेळेत सोडला नाही तर आतून फाटेल. बाळ जाईल, तुम्हीही जाल. आणि एसटी नको, जीप नको. आडवं पडून यायचं."

आडवं पडता येईल अशी गाडी आमच्या पंचक्रोशीत एकच. तिची सीट मागे लोळायची. आठवा महिना संपत आला की तिच्यातून म्हापशाला जायचं, तिथे ह्यांच्या मावशीकडे राहायचं, असं ठरलं होतं.

आणि आठव्या महिन्यात ती तापली. नुसती तापली नाही, कुडाळच्या रस्त्यावर वाफ सोडून उभी राहिली. मिस्त्रींनी इंजिन उघडलं. हे मिस्त्री इन्सुलीकडचे ख्रिस्ती, गोव्यातच काम शिकलेले. हेड-गॅस्केट जळली होती, ती बदलायची हे उघडच होतं. पण खालून इंजिन उघडल्यावर त्यांना बेरिंगांवर चरे दिसले. ते ह्यांच्याबरोबर आमच्या घरी आले. मी पलंगावर, पलंगाच्या पायथ्याला विटा, पाय वर, डोकं खाली. मिस्त्रींनी रुमालातून एक बेरिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. पापुद्र्यासारखं पातळ, अर्ध्या बांगडीएवढं.

"ह्या असा आसा, वैनी," ते म्हणाले. "हेच्यार सगळा फिरता. मदी तेलाचो पातळ थर. ह्या गेला की इंजिन जाग्यार जाम."

"मग गेलंय का हे?"

"नाय. गेलेला नाय. वर्सभर चलात. नायतर बांद्याक पोचासर संपात. नवी मजबूत बेरिंगां मिळतत, पण ती मुंबयसून मागवूक होयी. तवसर गाडी उघडी."

"किती दिवस?"

"पार्सल इला की इला."

आता बोला. जुनीच ठेवली तर गाडी परवा तयार, पण वाटेत जाम होईल की काय ही धास्ती. नवी मागवली तर गाडी भक्कम, पण ती येण्याआधी कळा आल्या तर घरात गाडीच नाही. मी मिस्त्रींना विचारलं, माझ्या जागी तुमची बायको असती तर काय केलं असतंत?

"माका इचारू नका, वैनी," ते घाबरून उठलेच. "माझी तीन पोरां बैलगाडीतसून जावन झाली."

सासूबाईंनी मग आमच्याकडे सगळे करतात तेच केलं. गावच्या देवीकडे कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, मूर्तीला पाकळ्या चिकटवल्या, आणि उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. नवी बेरिंगं घाला. सासूबाई विजयी मुद्रेने घरी येतात तो माझी आई दारात. तिनेही कुणाला न विचारता माहेरच्या देवीकडे कौल लावला होता. तिथे डावी पडली. घालू नका.

"तुमच्या देवीक इंजिनातला काय कळता?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुमच्या देवीन गॅरेज घातल्यान काय?" आई म्हणाली.

दोघी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून भांडत होत्या आणि मी मधे, पाय आढ्याकडे करून, रडत होते. आत्ता हसू येतं. तेव्हा मला खरंच वाटत होतं की दोन देवींनी माझ्या बाळावरून भांडण काढलंय, आणि जी हरेल ती सूड घेणार. दिवसभर मी ते बेरिंग मुठीत धरून असे. चऱ्यावरून नख फिरवून बघे, वाढलाय का! पलंगावर पडल्या पडल्या वाढणार होता जणू. अक्कल किती, तर एवढी.

शेवटी मीच ह्यांना म्हटलं, नवी मागवा. कारण काही मोठं नव्हतं. ‘अजून काही झालेलं नाही’ हे वाक्य मला तिसऱ्यांदा ऐकवत नव्हतं.

पार्सल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते लिहिता येत नाही. पोटात बाळाने लाथ मारली की वाटे, कळ आली. नाही मारली की वाटे, संपलं. आठवा सरला, नववा लागला. एसटीतून खोकं आलं, मिस्त्रींनी इंजिन जोडलं, आणि किल्ली देताना सांगितलं, "बेरिंगां नवी आसत. ती रुळासर, म्हणजे सुरवातीचे थोडे दिस, काटा चाळीसच्या वर जावक देव नका. जोर केल्यात तर तीच धरून बसतली, इंजिन जाम."

हे आधी कुणी बोललं नव्हतं. आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला निघायचं होतं. सकाळी निघायच्या तयारीत लुगडं नेसताना कळ आली.

तर मंडळी, मालवणातली सगळ्यात वेगवान गाडी त्या दिवशी सायकलीच्या मागून चालली होती. सीट लोळवलेली, वर उघडं आकाश आणि माडांचे शेंडे, मी मुठी आवळून मोजत होते, कळ, माड, माड, कळ. एसटीने आम्हाला मागे टाकलं. ट्रकने टाकलं. सावंतवाडीच्या पुढे कळा जवळ जवळ येऊ लागल्या. हे घामाने निथळत होते.

"दाबू काय गो?" ते म्हणाले. "दाबतंय. जाव दे इंजिन मसणात."

"आणि मधेच जाम झाली तर?"

त्यांनी काट्याकडे बघितलं. मला ओरडावंसं वाटत होतं, दाबा. फाटेल आतून, दाबा. तोंडातून निघालं, "चाळीसच."

इन्सुलीच्या नाक्यावर शिपायाने हात केला. "गाडी तपासायची आहे."

"तपासा की," मी आडव्यानेच किंचाळले. "माल पोटात आहे!"

त्याने वाकून बघितलं, आणि पळत जाऊन स्वतःच फाटक उघडलं.

म्हापशाला पोचले तेव्हा मला आधार देऊन नाही, उचलून आत नेलं. डॉक्टरणीने टाका सोडला तेव्हा तो मांसात रुतायला लागला होता. एवढंच मला कळलं. मग मुलगी झाली, आणि रडली नाही. कुणीतरी तिला उलटी धरून थोपटत होतं आणि मी छताकडे बघत होते. कुठल्याच देवीचं नाव आठवेना. मग एक बारीकसं, चिडकं रडणं ऐकू आलं.

नर्स बाहेर जाऊन सांगून आली. म्हणाली, "तुमचे मिस्टर गाडीतच बसून आहेत. इंजिन चालू ठेवलंय. बंद केलं तर परत चालू होणार नाही, म्हणतात."

मी म्हटलं, "त्यांना सांगा, आता बंद करा."