काकीची आकडी

काकी पाहुण्यांना मारायची. गंमत म्हणून सांगत नाही, खरंच मारायची. मालवणच्या किनाऱ्यावर, आमच्या वाडीत, ती घराच्या चार खोल्या पर्यटकांना भाड्याने द्यायची. बाकीचे लोक पाहुण्यांपुढे हात जोडत, ही हात उगारायची. कमरेला नवऱ्याची लाकडी आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता. लुगड्यावर ती बांधून काकी चालू लागली की पाठीशी खट्‌ खट्‌ वाजे, आणि आम्ही पुतणे मंडळी पांगायचो. मी तिचा लाडका, म्हणून धपाटे सर्वांत जास्त मलाच.

तिचा सगळा राग एकाच गोष्टीवर होता. आमच्या समोरच खाडी समुद्राला मिळते आणि तिथली पाण्याची ओढ वरून दिसत नाही. धंदा नवा असताना दारू प्यायलेल्या एका पाहुण्याला काढायला काका पाण्यात शिरले. पाहुणा निघाला, काका निघाले नाहीत. तेव्हापासून आकडी काकीच्या कमरेला आली. बाटली घेऊन कोणी पाण्याकडे निघाला की ती आडवी जायची. "खंय चललंस रे मेल्या? माझ्या घोवाक विचारलंस?" उत्तराची वाट न बघता कानाखाली. एका आडदांडाला तिने केसांना धरून वाळूतून फरफटत नेलं आणि खोलीत कोंडून बाहेरून कडी घातली. संध्याकाळी त्याला सुरमई वाढली, तीही शिव्या देतच. इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं, 'जेवण उत्तम, मालकीण मारते.' तरी खोल्या भरलेल्याच असायच्या.

गुडघे गेले तेव्हा तिने घरासकट धंदा विकायचं ठरवलं. घ्यायला आलेल्याला खोल्या दाखवण्याआधी ती विचारायची, "दारू पिऊन कोण पाण्यात शिरलो, तर तू काय करतलंस?"

पुण्याचा एक गृहस्थ म्हणाला, "मोठा बोर्ड लावू, काकू."

"बोर्ड काय पाण्यात उडी मारतलो?" म्हणत तिने हातातला नारळ भिरकावला. गृहस्थ वाकला म्हणून वाचला. त्याच्या गाडीची काच गेली.

शेवटी आपल्या मुलाच्या आग्रहाखातर तिने सावंतवाडीच्या मेघनाच्या नावाने सही केली. गोव्यातल्या हॉटेलात काम केलेली, हळू बोलणारी मुलगी. पण आमच्याकडे नुसत्या सहीने घर जात नाही. जागेच्या राखणदाराला, म्हणजे ती राखणाऱ्या देवाला, कोंबडा-नारळ देऊन, गाऱ्हाणं घालून म्हणजे मोठ्याने विनवून, नवा धनी कोण ते सांगावं लागतं. काकी त्यालाच तयार होईना. "सही कचेरीत दिलंय. राखणदाराक काय सांगू? ह्या चेडवाचो हात उठणा नाय." कोंबडा परसात टोपलीखाली ओरडत राहिला आणि मेघना स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी वावरू लागली.

मग एका भर दुपारी एक धिप्पाड पाहुणा झिंगत पाण्याकडे निघाला. काकी ओट्यावरून उठायला गेली आणि अंगणात कोसळली. मेघना धावली. "सर, प्लीज, तिथे ओढ आहे." त्याने तिला एका हाताने ढकललं. ती तोंडावर पडली, ओठ फुटला. तो गुडघाभर पाण्यात शिरला.

ती उठली. मागून त्याची कॉलर धरून तिने त्याच्या तोंडावर अशी चपराक मारली की किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारे थांबून बघू लागले. त्याने तिचं मनगट पिळलं, ती त्याच्या हाताला कडकडून चावली. मी आणि रापणकर पोहोचलो तेव्हा तो वाळूत उताणा पडला होता आणि ती त्याच्या छातीवर बसून रडत रडत मारत होती.

काकी अंगणात बसल्या जागेवरून हे सगळं बघत होती. मेघना परत आली तशी तिने स्वतःच्या पदराने तिच्या ओठाचं रक्त पुसलं. मग माझ्याकडे वळून ओरडली, "बघतंस काय? गाऱ्हाण्याक माणूस बोलाव!"

त्याच संध्याकाळी कोंबडा कापला. गाऱ्हाणं घालणारा ओरडला, "ह्या घरात येतल्या माणसांका पाण्यापासून सांभाळ रे म्हाराजा!" आम्ही सर्वांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. सर्वांत मोठा आवाज काकीचा होता. मग तिने आकडी सोडली आणि मेघनाच्या कमरेला करकचून बांधली.

कट्टा गावात बहिणीकडे राहायला जायला काकी रिक्षात बसली. पिशवी आत ठेवताना माझे डोळे भरले. तिने पाठीत सणसणीत धपाटा घातला. "रडतंस कित्याक?" म्हणाली, आणि स्वतःच रडू लागली.

त्याच वर्षी काकी गेली. त्यानंतर मला कोणी मारलेलं नाही.