कोटाच्या आतला बॅज

माझा धाकटा भाऊ टेक्सासमध्ये राहतो. तिथं त्यानं पिस्तूल बाळगायचा रीतसर परवाना काढलाय, शर्टाखाली झाकून न्यायचा. एका रविवारी फोनवर त्यानं मला विचारलं, "ताई, तू बॅजवाली ना? मग सांग. इकडं परवानेवाल्यांसाठी बॅज विकत मिळतात, पट्ट्याला लावायचे. घेऊ का एक?"

"कशाला?"

"अगं, उद्या मॉलमध्ये काही झालं आणि मी पिस्तूल काढलं, तर लोकांना कळायला नको, की हा चोर नाही? पोलीस येऊन आधी मलाच उडवतील, माझा रंग बघून."

मागून भावजय ओरडली, "त्यांना शेरीफ व्हायचंय हो ताई! हॅटसुद्धा बघून ठेवलीये."

"नको घेऊस," मी म्हटलं.

"का पण?"

"लोकांना तू पोलीस वाटशील."

"मग चांगलंच आहे की!"

मी मुलांच्या शाळेकडे विषय वळवला. मला तो प्रकार येतो. घरात सगळे म्हणतात, हिच्या पोटातलं बाहेर काढायचं म्हणजे कठीण. पण ते 'चांगलंच आहे की' डोक्यातून जाईना. कारण एकेकाळी मलाही ते चांगलंच वाटलं होतं.

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत आम्ही लंडनजवळच्या वॉटफर्डला होतो. नवरा लंडनच्या एका बँकेत सॉफ्टवेअरला, रोज ट्रेननं जायचा. मी डिपेंडंट, त्याच्या व्हिसावर आलेली. पुण्यात मी कॉलेजात शिकवत होते. इथं त्या डिग्रीला कोणी विचारेना. खूप अर्ज केले, खूप नकार आले, आणि शेवटी सिक्युरिटीच्या एका एजन्सीत बोलावणं आलं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी मला कुरळ्या केसांपासून कॅनव्हासच्या बुटांपर्यंत न्याहाळलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "तुमच्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघणार नाही." हीच माझी लायकी. नोकरी स्टोअर डिटेक्टिव्हची होती. साध्या कपड्यात मोठ्या दुकानात हिंडायचं, खरेदीला आल्यासारखं, आणि उचलेगिरी करणाऱ्यांवर नजर ठेवायची.

त्याच सुमाराला नवा कायदा आला होता. सिक्युरिटीतल्या प्रत्येकाला ट्रेनिंग आणि परवाना, म्हणजे फोटो असलेला एक बॅज. युनिफॉर्मवाल्या गार्डनी तो दंडावर लावायचा, सगळ्यांना दिसेल असा. आम्ही मात्र झाकून ठेवायचा. माणूस पैसे न देता दाराबाहेर पडला की मगच तो काढायचा, त्याच्यासमोर धरायचा आणि ठरलेलं वाक्य बोलायचं. ट्रेनिंग देणाऱ्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हा बॅज म्हणजे पोलीस नव्हे. रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला जेवढा अधिकार आहे तेवढाच तुम्हाला. समोरच्याला वेगळं वाटलं, तर ते दुरुस्त करणं तुमचं काम." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना मी सांगितलं होतं, रिटेलमध्ये आहे.

"कुठल्या डिपार्टमेंटला?"

"सगळीकडे फिरते."

"वा, म्हणजे मॅनेजरच की!"

मी हसायचे. खोटं असं काही बोलत नव्हते.

काकू मला पहिल्यांदा भेटल्या त्या टॉवेलांपाशी. साडी, खाली स्पोर्ट्स शूज, वर मुलाचं जुनं जाकीट, डोक्याला लोकरीची टोपी. मी एक निळा टॉवेल हातात घेऊन पलीकडच्या रांगेतल्या एका माणसाकडे बघत होते. माझं मंगळसूत्र बघून त्या थेट जवळ आल्या.

"मराठी नं तू? काय पाहून राहिली एवढं त्या टॉवेलात? काल बी हाच निळा धरून उभी होती. घेऊन टाक नं एकदाचा!"

मी दचकले. दुकानात आजवर मला कोणी दोनदा पाहिलं नव्हतं.

त्या नागपूरच्या. मुलाकडे आल्या होत्या. "पोरगा जाते कामावर, सून जाते कामावर, आन् मी हीटरजवळ बसून राहते. टीव्ही लावला तर त्यातला माणूस काय बोलते ते समजत नाही. मग म्हटलं, इथं तरी उजेड आहे." त्या रोज यायला लागल्या. मला पाहिलं की लांबूनच हात वर. त्यांची समजूत अशी की मीही त्यांच्यासारखीच, घरात करमत नाही म्हणून दुकानात वेळ काढणारी. "तुझा नवरा काही बोलत नाही का वं, रोज रोज दुकानात जाते म्हणून?" असं विचारायच्या आणि टाळी द्यायच्या. मी ती समजूत तशीच राहू दिली.

पुढचं लिहायला जड जातं, पण त्यासाठीच बसले आहे. काकूंबरोबर हिंडणं मला कामाच्या दृष्टीनं फार सोयीचं होतं. एकटी बाई टॉवेल चाचपत उभी राहिली तर सराईत चोराला शंका येते. म्हातारीशी मराठीत गप्पा मारणारी बाई म्हणजे दुकानातलं कपाट. माझ्या हाताला जास्त लोक लागू लागले. सुपरवायझर म्हणाला, "तुझ्या आईला रोज आणत जा." मी त्याला ती माझी आई नाही असंही सांगितलं नाही. काकू बोलायच्या आणि मी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत 'हो ना', 'अगंबाई' म्हणत राहायचे.

उशांच्या रांगेत त्यांनी मला ते सांगितलं. व्हिसा सहा महिन्यांचा होता, आणि तो कधीच संपला होता.

"पोरगा म्हणते, कोणाला सांगू नको. पण तू आपली, म्हणून सांगून राहिली." मग आवाज खाली गेला. "हे गेल्यावर मी तिथं एकदा बाथरूममध्ये पडली नं. दार आतून बंद. सकाळी पडली, ते दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दार फोडवलं. पाणी समोर, आन् हात पुरेना. त्या घरात मले परत नाही जायचं, बाई. इथं रात्री पोरगा घोरते, त्याचा आवाज येते भिंतीतून. बस, तेवढंच पाहिजे."

माझं लक्ष परफ्यूमपाशी उभ्या असलेल्या एका तरुणाकडे होतं. मी म्हटलं, "कोणाला सांगू नका, काकू." इतकंच म्हटलं.

काही दिवसांनी, लहान मुलांच्या कपड्यांत, एक पोरगेलीशी आई बाळाच्या गाडीत ब्लँकेटखाली कपडे सरकवताना मला दिसली. काकूंचं वाक्य अर्ध्यात होतं, सुनेच्या भाजीत मीठ नसतं असं काहीतरी. मी त्यांना तिथंच सोडून निघाले. ती दाराबाहेर गेली, मी मागोमाग, आणि माझ्या मागे काकू. मला काय झालं, बरं वाटत नाही की काय, म्हणून त्या धावत आल्या होत्या, माझी खाली पडलेली पिशवी हातात घेऊन.

मी कोटाच्या आतून बॅज काढला, हात लांब केला, ठरलेलं वाक्य बोलले. ती मुलगी रडायला लागली, मग शिव्या द्यायला लागली, मला आणि काकूंनाही. "ही म्हातारीपण तुमच्यातलीच!" असं काहीतरी. दोन गार्ड आले. रस्त्यावरून चाललेला एक पोलीसही थांबला. तो मला ओळखायचा, त्यानं मान हलवली, मीही हलवली.

काकू माझ्या हाताकडे बघत होत्या. पिशवी त्यांनी जमिनीवर ठेवली, अगदी हळू.

"तुम्ही सरकारी आहात?"

'तू' जाऊन 'तुम्ही' आलं होतं. मला तेव्हाच बोलता आलं असतं: नाही हो काकू, मी दुकानाची राखण करते, माझ्या हातात काही नाही. एका दमात होणारं बोलणं. मुलगी रडत होती, गडबड होती, हे सगळं खरं आहे, पण ते कारण नव्हतं. कारण असं की मला ते आवडलं. त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासमोर असं अंग चोरून उभं होतं. काउंटरवर, बँकेत, डॉक्टरकडे मी जशी उभी राहायचे तसं. कॉलेजात वर्गात शिरल्यावर बाक सरकायचे तो आवाज मला आठवला. आणि मी खांदे ताठ करून म्हटलं, "काकू, तुम्ही घरी जा. मी ड्यूटीवर आहे."

ड्यूटी. पुण्यात असताना मी हा शब्द कधी वापरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. त्यांना काय वाटलं असेल ते मला नीट कळत होतं. व्हिसाचं त्यांनी मलाच सांगितलं होतं. मी रोज ठरवायचे, आज जाऊन सांगते. मग वाटायचं, सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल, त्यांच्या आडून मी चोर बघत होते हेसुद्धा. शिवाय मंडळात कळेल, की रिटेलमधली बाई म्हणजे ही. असे बरेच आठवडे गेले.

घर मला माहीत होतं, काकूंनीच एकदा सांगितलेला लाँड्रीशेजारचा लाल दरवाजा. शेवटी एका शनिवारी बेल वाजवली. मुलानं दार उघडलं, तिशीतला, चष्मेवाला, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात असतात तसाच. मी मराठीत बोलले आणि त्याचा चेहरा उतरला.

"आई गेली परत, मॅडम."

"मी मॅडम नाही. मी त्या दुकानात—"

"हो, आईनं सांगितलं. तुम्ही इतके दिवस तिच्याशी बोलून माहिती घेत होता ते." हे त्यानं रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो नम्रपणे म्हणाला. "आम्ही लगेच तिकीट काढलं. एक दिवससुद्धा थांबलो नाही."

जिन्यावरून बायकोचा आवाज आला, "अहो, तिकिटाची कॉपी आणू का?"

"माझं ऐका," मी म्हटलं, "मी दुकानाची गार्ड आहे, मला कसलाच अधिकार नाही. हे बघा," आणि मी बॅज काढला. त्यानं वाचावा म्हणून काढला. त्यावर सगळं लिहिलेलं होतं.

तो एक पाऊल मागे सरकला. "नको, नको, दाखवायची गरज नाही. आम्ही कोऑपरेट करतोय."

"वाचा तरी."

"विश्वास आहे, मॅडम." त्यानं एकदाही खाली पाहिलं नाही.

"त्यांना परत आणता येईल ना?"

"पासपोर्टवर तारखा आहेत. आता कुठल्या तोंडानं व्हिसा मागणार?" मग घाईघाईनं, "आमची काही तक्रार नाही."

मी काकूंचा नागपूरचा नंबर मागितला. त्यानं तो लगेच लिहून दिला. नाही म्हणायची त्याची छाती नव्हती, आणि ते मला माहीत होतं, आणि तरी मी मागितला.

भावानं शेवटी तो बॅज घेतला. फोटो पाठवला, पट्ट्यावर चकाकतोय आणि हा जरा ताठ उभा आहे. त्याला वाटतं, बॅज सांगतो की मी चोर नाही. बघणाऱ्याला तो वेगळंच सांगतो: तू कोण आहेस ते आधी सांग. आणि एकदा दाखवलेला बॅज मागे घेता येत नाही. खुलासा करायला पुन्हा काढावा, तर गैरसमज आणखीच पक्का होतो. पिस्तुलाबरोबर ही गोष्ट किती लांब जाईल, मला विचारही करवत नाही. हे त्याला लिहायला हवं होतं. मी लिहिलं, छान दिसतोय.

नागपूरला मी त्या वेळी एकदाच फोन केला होता.

"हॅलो काकू, मी वॉटफर्डहून बोलतेय."

पलीकडून पाठ केल्यासारखं इंग्रजीत, "यस मॅडम. आय अॅम इन इंडिया."

"काकू, मी तीच, निळ्या टॉवेलवाली."

"हो मॅडम. ओळखलं."

"मी पोलीस नाही हो. सरकारी पण नाही. दुकानात चोर पकडते, बस."

"हो मॅडम."

"खरंच सांगते."

"हो. मुलानं सांगितलं नं, तुम्ही घरी चौकशीला आल्या होत्या म्हणून."

मी विचारलं, "तिथं एकट्याच आहात का?"

"एकटीच आहे, मॅडम. घरात दुसरं कोणीच नाही. पाहिजे तर कोणाला पाठवा पाहायला." आणि मग आवाज फुटला, "पोट्ट्याले काही करू नका, मॅडम. तो चांगला आहे. मीच राहिली जास्त. एकदा सांगून द्या, त्याले काही नाही होणार."

मी पुन्हा खरं सांगू लागले. त्या 'हो मॅडम, हो मॅडम' करत ऐकून घेत होत्या आणि प्रत्येक वाक्यानंतर तेच विचारत होत्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी दुकानाच्या दाराबाहेर वापरायचे तो आवाज काढला.

"काही होणार नाही. तुमच्या मुलाची फाइल बंद केली आहे."

पलीकडे त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"देव तुमचं भलं करो, मॅडम."

त्यांनी फोन ठेवला नाही. मी ठेवेपर्यंत त्या थांबून राहिल्या.