कानपिळीचा मान

माझ्या भावाला, साईनाथदादाला, विसरणं जमत नाही. शाळेत असताना ज्याने त्याचा पतंग फाडला, तो माणूस आज आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहतो. दोन पोरांचा बाप झालाय. दादा अजून त्याच्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नाही. आई म्हणते, हा गुण माझ्या माहेरचा. त्यातला थोडा माझ्याही वाट्याला आलाय, म्हणून दादाची ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

दादा वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मशिनमधून निसटलेल्या पत्र्याने त्याचा उजवा हात तळव्यात चिरला. बोटं राहिली, जोर गेला. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला आणि सांगितलं, दाबत बसा. मग दादा टिटवाळ्याच्या घरी गॅलरीत चेंडू दाबत बसायचा. कामावर परत घेतील की नाही याचा भरवसा नव्हता आणि तो कुणाशी धड बोलत नव्हता. शेवटी मावसभावाने आपला जुना लॅपटॉप आणला आणि त्याला ‘खाडीराज्य’ नावाचा गेम लावून दिला.

धावायचे, गोळ्या झाडायचे गेम एका हाताने खेळता येत नाहीत. हा डोक्याने खेळायचा होता. आपण चाल करायची, मग शत्रू करणार, घाई कुणालाच नाही. खाडीकाठचे गड राखायचे, धान्य पुरवायचं, होड्या कुठे लपवायच्या ते ठरवायचं. आपल्या बाजूची सरदार होती आवडा नाखवीण. मोठ्या हाडाची, तोंडाने फटकळ, कपाळावर वण. गड पडायची वेळ आली की ती म्हणायची, “माणसं आधी, गड मागाहून.” तिचं ऐकलं तर गड जायचा, पण माणसं होड्यांतून सुटायची आणि पुढे कधीतरी तीच माणसं गड परत घ्यायची. एकदा तर तिने गलबतातलं सगळं सोनं खाडीत ओतलं, माणसांना बसायला जागा व्हावी म्हणून.

हे सगळं दादा जेवताना सांगायचा. आई ताटात भात वाढता वाढता विचारायची, “आज काय म्हणतायत आवडाबाई?” तेवढ्यावर तो अर्धा तास बोलायचा. हात बरा केला चेंडूने, पण माणूस बरा केला आवडाने. मी ते जवळून पाहिलंय. म्हणून त्याच्या या वेडाला बाहेरचे हसले तरी मी कधी हसले नाही.

दुसरा भाग यायला बरीच वर्षं गेली. आला त्या दिवशी दादाने रजा टाकली, आईने शिरा केला. दुपारी तो खोलीतून बाहेर आला, तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

“विकली गं तिला साल्यांनी,” तो म्हणाला.

नव्या कथेत काय, तर सुरुवातीलाच आवडा शत्रूला गडाचा दरवाजा उघडून देते. एका सोन्याच्या साखळीसाठी. आतली माणसं कापली जातात आणि मग तिला फासावर चढवतात. खेळणाऱ्याच्या हातात काही नाही, नुसतं बघत बसायचं. तिने दरवाजा का उघडला, याचं एका ओळीचंही कारण दिलेलं नाही.

“जिने गलबतभर सोनं पाण्यात टाकलं ती साखळीसाठी दार उघडेल? काही लॉजिक पायजे का नको?” शिरा तसाच राहिला. आवडा फासावर गेल्याचं ऐकून आईही जेवली नाही.

तेव्हापासून दादाने डूख धरला. इंटरनेटवर पानंच्या पानं लिहिली. त्याच्यासारखे चिडलेले आणखी खूप होते, पण ते महिन्याभरात दमले आणि दुसऱ्या गेमकडे वळले. दादा दमला नाही. गेम बनवणारी कंपनी नेमकी वागळे इस्टेटमध्येच, त्याच्या वर्कशॉपपासून दोन गल्ल्या सोडून. जेवणाच्या सुट्टीत हा डबा घेऊन त्यांच्या गेटसमोर उभा राहायचा आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, कथा कुणी लिहिली? शेवटी वॉचमनने हाकललं. गेमच्या शेवटी नाव शोधावं, तर तिथे लिहिलेलं, ‘कथा : लेखन विभाग’.

“विभागाला कुठे धरू?” दादा म्हणायचा. “माणूस सापडू दे. मग बघतो.”

माणूस सापडला मला. मी डोंबिवलीत चष्म्याच्या दुकानात काम करते. स्वानंद काडी मोडलेला चष्मा घेऊन आला. मी बसवून दिली. पुढच्या आठवड्यात तीच काडी पुन्हा मोडून आला, मग पुन्हा. चांगल्या काड्या अशा मोडत नाहीत, हे मला धंद्यामुळे कळतं. आम्ही चहा प्यायला लागलो. एके दिवशी त्याने सहज सांगितलं की तो गेमच्या कथा लिहितो. कुठल्या, म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकून मी कप खाली ठेवला.

“आवडाला का मारलंस?” मी विचारलं.

तो हसला. “अगं, गेम आहे तो. लोकांना धक्का हवा असतो.”

तेव्हाच उठायला हवं होतं, पण माझा जीव जडला होता. मी त्याला एवढंच बजावलं, “आमच्या घरी कॉम्प्युटरमध्ये आहे म्हणून सांग. पुढे एक शब्द बोलू नकोस.” तो नाहीच बोलला. बोलल्या त्याच्या आई.

सुमतीबाई डोंबिवलीच्या जुन्या रहिवासी, निवृत्त शिक्षिका. स्वानंदला घेऊन लग्नाची बोलणी करायला आमच्या घरी आल्या, गॅलरीतून समोरचे टॉवर पाहिले आणि म्हणाल्या, “टिटवाळ्याला बरीच सुधारणा झाली आहे हो.” आईने तेही गोड मानून घेतलं. मग पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी मुलाचं कौतुक सुरू केलं. “आमच्या स्वानंदला लहानपणापासून लेखनाची आवड. ‘खाडीराज्य’चा दुसरा भाग संपूर्ण त्याने एकट्याने लिहिला आहे. नाव घातलं नाही त्यांनी, पण सगळं श्रेय त्याचंच.”

स्वानंद माझ्याकडे बघायला लागला आणि मी दादाकडे. दादा उठला, गॅलरीत गेला. परत आला तेव्हा चेहरा एकदम शांत होता.

“आणखी पोहे घ्या ना,” तो स्वानंदला म्हणाला आणि सुमतीबाईंकडे वळला. “आमच्याकडून काय हरकत नाही. पोरगा चांगलाय.”

मला त्या शांतपणाची भीती वाटली. दादा आरडाओरडा करतो तेव्हा काळजी नसते. पाहुणे गेल्यावर बघते तर तो कपाटातून जुना रबरी चेंडू काढून दाबत बसलेला. कित्येक वर्षांत त्याने त्याला हात लावला नव्हता.

“दादा, माझ्यासाठी सोड ना रे त्याला.”

“सोडलं की. हो बोललो ना लग्नाला.”

“मग हा चेंडू कशाला?”

“कानपिळीचा मान कुणाचा असतो, समी?”

“तुझाच. नवरीच्या भावाचा.”

“झालं तर मग.”

लग्न ठरल्यापासून लग्न लागेपर्यंत तो चेंडू दादाच्या खिशातून हलला नाही. टीव्ही बघताना, पत्रिका वाटताना, हॉलवाल्याशी बोलताना उजवा हात आपला चालू. आई त्याला समजावायची सोडून विचारायची, “जोर आला का रे?” मी मात्र झुरत होते. भर मांडवात याने काही केलं, तर सुमतीबाई ते जन्मभर विसरणार नाहीत. सासरी पाऊल टाकण्याआधीच माझ्या नावाने नाकं मुरडली जातील. की स्वानंदच उठून जाईल? मी दादाला शपथा घातल्या. तो नुसता “बघू” म्हणायचा.

लग्न कल्याणच्या हॉलमध्ये झालं. लाजाहोमाला दादाने माझ्या ओंजळीत लाह्या घातल्या, अगदी हळुवार. मग गुरुजी म्हणाले, “आता वधूच्या भावाने वराचा कान पिळावा.” सगळीकडे हशा पिकला. फोटोग्राफर पुढे सरसावला. सुमतीबाई रिवाजाप्रमाणे शर्टपीस हातात घेऊन उभ्या राहिल्या. दादाने मुंडावळ्या बाजूला सारल्या आणि स्वानंदचा उजवा कान धरला.

पोरं ओरडली, जोरात, जोरात. दादाने पिळला. स्वानंद हसत होता, मग हसायचा थांबला. फोटो काढून झाला तरी दादाची बोटं तिथेच.

“आवडाने दरवाजा का उघडला?” दादाने विचारलं.

“दादा, अहो, तो गेम...”

बोटं आणखी फिरली. स्वानंद पाटावरून अर्धा उठला. सुमतीबाई म्हणाल्या, “अहो, पुरे आता.” हशा विरला. दादाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान त्याचा होता आणि गुरुजीही मध्ये पडेनात.

“का उघडला?”

“कारण नव्हतं,” स्वानंद कळवळून म्हणाला. “खूप शोधलं, सुचलंच नाही. धक्का द्यायचा होता म्हणून मारली. चुकलं माझं.”

ज्या उत्तरासाठी दादा गेटसमोर उभा राहिला होता, ते त्याला मिळालं. मला वाटलं, आता सोडेल. त्याने सोडला नाही. तो खाली वाकला आणि आम्हा दोघांनाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

“ती माझी कोण नव्हती. गेममधली बाई. तरी दोन वर्षं शोधत फिरलो तुला. ही माझी सख्खी बहीण आहे. हिच्या बाबतीत कारण नसताना काय करू नकोस.”

स्वानंदने मान हलवली. कान असा धरलेला असताना मान हलवणं सोपं नसतं, पण त्याने हलवली. मग दादाने बोटं सोडली, सुमतीबाईंच्या हातून शर्टपीस घेतलं, त्यांना वाकून नमस्कार केला आणि रंग छान आहे म्हणाला. मला रडू आलं. आणि खरं सांगते, ‘माणसं आधी’ म्हणणाऱ्या आवडाची आठवण येऊन बरंही वाटलं.

अल्बम तयार करताना फोटोग्राफरने मला आपल्या दुकानात बोलावून घेतलं. कानपिळीनंतरच्या सगळ्या फोटोंत नवरदेवाचा उजवा कान लालभडक दिसत होता. कॉम्प्युटरवर रंग कमी करून देतो, तो म्हणाला.

मी म्हटलं, राहू दे.