कुकरची रिंग

भांड्यांच्या दुकानात मी कुकरची नवी रिंग उजेडाकडे धरून बोटांनी ताणत होतो. बायको वैतागली. "अहो, कुकरला लावायचीय ती, पाणबुडीला नाही!" दुकानदार हसला. मला काही हसू आलं नाही.

माझी सगळी नोकरी अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्यांचे सुटे भाग तपासण्यात गेली. अशाच रबरी रिंगा बंद पाकिटांतून यायच्या, सोबत शिक्के मारलेले कागद. कागद जितका देखणा, तितका मला संशय जास्त. प्रत्येक रिंग बाहेर काढायची, भिंगाखाली फिरवायची आणि मगच पाकिटावरच्या चिठ्ठीवर सही करायची. समुद्राच्या पोटात माणसं झोपतात ती असल्या सह्यांच्या भरवशावर. त्यांनी मला कधी पाहिलेलं नसतं.

एका दुपारी जेवणाची घंटा झाली आणि एकच पाकीट उरलं होतं. मी ते न उघडताच सही ठोकली. रिंग चांगलीच असणार म्हणा. कागद तर फारच देखणे होते.

तेव्हापासून हाताला लागेल ती रिंग मी ताणून बघतो. ती एक तेवढी हाताला लागत नाही.