मागची चाकं, पाऊण इंच

बाबांनी "यापुढं मना कोनी उचलायचा नाय" असं जाहीर केलं, तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

साखरेपायी त्यांचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला आणि उरणचं घर सोडून ते पनवेलला माझ्याकडे राहायला आले. घरात आम्ही दोघंच. सारा जन्म मासेमारीच्या होडीवर तांडेल म्हणून गेलेला; सुकाणू त्यांच्या हातात आणि बाकीच्यांनी मुकाट ऐकायचं, ही सवय. कुठे जायचं तर मी त्यांच्या काखेत हात घालायची, व्हीलचेअरवरून उचलायची आणि आमच्या जुन्या व्हॅनच्या मधल्या सीटवर ठेवायची. तेच त्यांनी बंद केलं. पाच महिने उंबरा ओलांडला नाही. जेवण अर्ध्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. धाकटा भाऊ फोनवर म्हणायचा, "मी येतो की उचलायला." हा बंदरात नोकरीला, आठवड्याला शिफ्ट बदलणारा, त्याच्या भरवशावर बसलो असतो तर बाबा अजून खिडकीशीच असते.

मी शाळेत गणित शिकवत होते. एका रविवारी टेप घेऊन बसले. व्हीलचेअरची बैठक आणि व्हॅनची सीट यांच्यात दोन इंचांचा फरक निघाला. मध्ये फळी टाकली तर बाबा हातांच्या जोरावर घसरत जाऊ शकत होते, जाळी ओढलेले हात होते ते. पण दोन इंचांचा चढ एका पायावर जमत नव्हता. खुर्चीवर उशी ठेवून पाहिली, तर ते उशीसकट घसरले आणि मलाच शिव्या बसल्या. खुर्ची वर जात नाही ना, मग गाडी खाली आणायची, असं मी ठरवलं.

कळंबोलीच्या बाजूला ट्रकच्या पाट्यांची दुकानं आहेत. मागच्या आसावर एकावर एक पट्ट्या रचलेल्या असतात, तेच पाटे. त्यांच्यावर गाडीचा भार असतो. तिथल्या एका पाटेवाल्याला मी म्हणाले, दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढा. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"ताई, लोक आमच्याकडं पाटा वाढवाला येतान. काढाला कोनी येत नाय."

"मी आले ना. काढा."

त्याने काढला. गाडी मागून बसली आणि मधली सीट बरोबर दोन इंच खाली आली. फळीला मेणबत्ती घासली, बाबांनी दोन हिसके दिले आणि ते आपणहून सीटवर गेले. मला नाचावंसं वाटलं. पण आम्ही बाजारपेठेपर्यंतही पोचलो नसू, तोच मागून आवाज आला.

"सुकानू येकीकडं न् होडी येकीकडं. गाडी आडवी चाललीय."

खरंच होतं. स्टिअरिंग जरा डावीकडे वळवून धरलं तरच व्हॅन सरळ जात होती, आणि तीही मागचा भाग डावीकडे काढून, खेकड्यासारखी. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तेव्हा शेपूट हातभर बाजूला सरकलं. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "सरल होईल तवा सांग. तोवर मी हितंच बरा." आणि पुन्हा खिडकीशी.

अलाइनमेंटच्या दुकानात कॉम्प्युटर होता. पोटभर आकडे दाखवून त्यांनी पुढची चाकं जुळवली, स्टिअरिंग सरळ करून दिलं. गाडी तशीच तिरकी. मी म्हटलं, दोष मागे आहे. "मॅडम, मागे सरळसोट एक्सल असतो. त्याचं अलाइनमेंट नसतं." भाऊ म्हणाला, "बस झालं ताई. पाटा परत घाल आणि बाबांना समजाव." मी फोन ठेवून दिला. समजावणं माझ्याने होण्यासारखं असतं तर मी गाडीखाली कशाला शिरले असते?

वर्षानुवर्षं पोरांना आयत शिकवला होता. समोरासमोरच्या बाजू सारख्या हव्यात. पुढची चाकं सरळ ठेवून मी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. डावी बाजू पाऊण इंचाने जास्त. चुकलं असेल म्हणून तीनदा मोजलं. तीनदा पाऊण इंचच. म्हणजे आस डावीकडे मागे सरकलेला होता.

आकडे कागदावर लिहून मी पुन्हा पाटेवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मी घट्ट कसलंय, हलनार नाय." मी म्हटलं, "हललं नाहीच. तिरकंच कसलंय. खोला, मी इथेच बसते." आणि रिकाम्या ऑइलच्या डब्यावर बसले. दोन ट्रक आले, दोन्ही गेले. मी उठत नाही म्हटल्यावर तो जॅक घेऊन आला.

डावे पाटे उतरवल्यावर त्याने मला वाकून बघायला बोलावलं. पाट्यांच्या मधोमध एक बोल्ट असतो, त्याचं डोकं आसावरच्या भोकात बसतं आणि आस जागेवर राहतो. खाऱ्या हवेने गंजलेला डावा बोल्ट काढताना तुटला होता. याने डब्यातला टेम्पोचा बोल्ट घातला. जाडी तीच, पण डोकं मोठं. ते भोकात शिरलंच नाही, काठावर टेकलं आणि कसताना आस मागे ढकलला गेला.

"चुकी माजी हाय, ताई," तो म्हणाला. शेजारच्या लेथवर त्याने स्वतः उभं राहून डोकं घासून आणलं. ते टक्कन भोकात बसलं. मी पुन्हा टेप लावला. डावी, उजवी, सारखी. त्याने न सांगता स्वतःही एकदा मोजलं.

पुढच्या रविवारी बाबा फळीवरून सीटवर गेले, दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं आणि म्हणाले, "मोऱ्याला चल. धक्क्यावं." मोरा बंदराकडे, उरणच्या रस्त्याला लागल्यावर ते वाकून पुढचा रस्ता बघत होते, गाडी तपासत असावेत. मग "हां, आता बराबर" म्हणाले.

मी चेष्टेत म्हटलं, "झालं ना समाधान? एवढा मान जपलात. माणसाने उचललेलं चालत नाही तुम्हाला."

"मान कसला ग," बाबा म्हणाले. "मना उचलतानी तुजी कंबर भरायची. माजा कान तुज्या तोंडाशीच असायचा. दात खायचीस न् वर म्हनायचीस, बाबा, तुमी किती हलके हाव."

मला पुढचा रस्ता दिसेना. व्हॅन कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मागून ते म्हणत होते, "चल ग, चल. ओहोटी लागल."