दोन वर्षांची क्षमा

खिडकीचं माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घ्यायचं, सगळ्यात लहान माप धरायचं आणि त्याहून जराशी कमीच काच कापायची. काचवाला हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. माणूस सरळ, देवभीरू. रविवारी सकाळी त्याच्या बाहेरच्या खोलीत दहा-बाराजण प्रार्थनेला जमत. तेवढ्यानेच भिंतीपलीकडच्या बसड्रायव्हरचं डोकं फिरे.

ड्रायव्हरने उभा दावा मांडला होता. काचवाल्याची दोन गिऱ्हाइकं तोडली, त्याच्या बायकोला जिन्यात नको ते बोलला आणि एकदा दारात येऊन ओरडला, "गाणी बंद करा, नाहीतर काचा फुटतील!" दुसऱ्याच दुपारी बाहेरच्या खोलीची खिडकी फुटली. आता पुरावा कशाला हवा? काचवाल्याने तुकडे झाडून टाकले, नवी काच बसवली आणि दर रविवारी खणखणीत आवाजात प्रार्थना सुरू केली, "प्रभू, शेजाऱ्याने खिडकी फोडली, त्याला क्षमा कर. मीही केलीय." पुढच्या उन्हाळ्यात काच परत फुटली, तसा आवाज आणखी चढला.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शनिवारी काच तडकली, पण पडली नाही. काचवाला जवळ गेला. भेग कोपऱ्यातून निघून नागमोडी वर गेली होती. दगडाची खूण कुठेच नव्हती. काच उन्हाने तापून फुगली की चौकटीत तिला हलायला जागाच उरत नव्हती. गावच्या खिडक्या तीनदा मोजणाऱ्याने घरची एकदाच मोजली होती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"गप्प बसा," त्याने भेग दाखवताच बायको म्हणाली. "उद्या संध्याकाळी इमारतीची बैठक आहे. प्रार्थना बंद करायची का, ते ठरणार आहे. त्याच्या हाती आयतं कोलीत देऊ नका."

"अगं, पण दोन वर्षं मी त्याला माफ करतोय."

"मग?"

"कशाबद्दल?"

गप्प राहावं तर लबाडी, बोलावं तर प्रार्थनेवर गदा. आणि मनात होती ती प्रीती, की नुसताच तोरा? काचवाल्याने चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"खिडकी तुम्ही फोडली नव्हती, ड्रायव्हरसाहेब," तो शेजारच्या दारात म्हणाला. "माझंच माप चुकलं. मला माफ करा."

ड्रायव्हर उसळला. "माझी पोरगी मला विचारते, बाबा, तुम्ही खरंच फोडली का? दर रविवारी ऐकते ती. नाही करणार माफ!" दार धाडकन लागलं.

रविवारी काचवाल्याने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली, पलीकडे ऐकू जाईल अशी. मग डोळे मिटले आणि अडला. शेजाऱ्यासाठी मागायचं काय? त्याचे बाकीचे गुन्हे होतेच की. पण ते मोजायला आता तोंड उरलं नव्हतं.

भिंतीवर दोन थापा पडल्या. "काय हो काचवाले, आज आमच्यासाठी काही नाही वाटतं?"

चेष्टा की राग, काही कळेना. काचवाला भिंतीकडे वळला. "आहे ना. पण काय मागू, ते तुम्हीच सांगा."

पलीकडे खाट करकरली.

"झोप मागा," ड्रायव्हर म्हणाला. "रात्रपाळी करून येतो मी. आणि गाणं जरा हळू म्हणा."